धुतल्यावर न आटणारी सायकल

तीर्थस्वरूप दादास,

टाचणीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच समजून घे. तीन दिवस एका खोक्याभोवती उठाबशा काढून कंबर अशी धरली आहे की खरोखर घातला तर मला उठवायला तुलाच यावं लागेल.) इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे माझ्याखेरीज. तुझी तब्येत कशी आहे? डावा गुडघा अजून कुरकुरतो का? जिना चढताना की उतरताना? समजा थोडंसं पळायची वेळ आली, तर पळता येईल का? (सहज विचारते आहे.) वहिनीचा चष्मा नाकावरून घसरतो असं तिने मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुझे मेहुणे म्हणतात की काड्यांची टोकं दोन मिनिटं गरम पाण्यात धरायची आणि कानामागे अलगद दाबायची. इतकी वर्षं चष्म्याचं दुकान चालवून त्यांनी मला दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला आहे, तो तिला जसाच्या तसा पोचव.

फोन केला असता, पण तू फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस. शिवाय आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं आहे. तुझी भाची पुस्तकात डोकं घालून कान इकडे ठेवते आणि तुझे मेहुणे वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबतात. म्हणून कारखान्यातल्या तपासणीच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर हे लिहिते आहे. मागच्या बाजूला ‘बाही तिरकी’, ‘काज उसवलं’, ‘पुन्हा करणे’ असे शेरे दिसतील. ते तुझ्याबद्दल नाहीत.

तर विषय असा की मी सायकल घेतली. हसलास ना? मला माहीत होतं. आता हसून झालं असेल तर पुढे वाच. साधी नाही, रोड बाइक. म्हणजे पातळ चाकांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली, जिच्यावर माणूस पाठीचा पूल करून बसतो ती. ती घेताना मला जो मनस्ताप झाला, तेवढ्या मनस्तापात माणसाने घर बांधलं असतं, भाडेकरू ठेवला असता आणि त्याला काढलाही असता.

मुळापासून सांगते. तुझे मेहुणे गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांबरोबर चाळीस किलोमीटर सायकल मारून येतात. त्यांची सायकल भल्या मोठ्या नावाच्या कंपनीची आहे. ते नाव तिच्यावर अकरा ठिकाणी लिहिलेलं आहे (पुसताना मोजलं), आणि बाराव्या ठिकाणी त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर. परत आले की आंघोळीच्या आधी प्रत्येक चढ सांगतात. पहिला चढ, मग वळण, मग दुसरा चढ, मग दातांचे डॉक्टर कसे मागे पडले. चढ मी कधी पाहिलेले नाहीत, पण झोपेत विचारलंस तर क्रमाने सांगेन. आणि दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी चढ सांगून झाल्यावर ते म्हणाले की या महिन्याच्या पंचवीस तारखेला आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, नेमका रविवार आहे, तर त्या दिवशी आपण दोघांनीच सायकलने तलावावर जाऊ. तो तलाव तुला आठवतो? लग्न ठरल्यावर आम्ही दोघं बसने तिथे गेलो होतो आणि माझ्या हनुवटीवरच्या खुणेची चौकशी झाली होती. तेव्हा मी दिलेलं उत्तर तुला माहीत आहे. त्यांनी नंतर आपल्या घरी जेवताना ते सगळ्यांना ऐकवलं आणि तुला ठसका लागला होता. तेव्हापासून मी या माणसाच्या लेखी हात सोडून सायकल चालवणारी मुलगी आहे.

मी लगेच हो म्हणाले. आता तू विचारशील, का? दादा, खरं सांगू? मला जायचंच आहे. पंचवीस वर्षांत ते दुकानात आणि मी कारखान्यात. एकत्र चाललो ते बहुतेक दवाखान्यात नाहीतर शाळेच्या पालकसभेला, आणि तेही मी चार पावलं पुढे, कारण त्यांना रस्त्यातल्या प्रत्येकाच्या नाकावरचा चष्मा बघायचा असतो. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर शेजारी शेजारी, मध्ये कुणी नाही, कुणाच्या चष्म्याची काडी नाही. हे मला हवं आहे. आणि त्या दिवशी मला या माणसासमोर हसं करून घ्यायचं नाही. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. हे एकदा लिहिलं, आता परत वैतागाकडे येते.

पहिल्यांदा गेलो त्यांच्या ठरलेल्या दुकानात. दुकानदार बोलायला गोड, पण त्याची सगळी माया भिंतीवर वर टांगलेल्या सायकलींवर. आमच्या ऐपतीतल्या सायकली खाली दाराशी, जिथे गिऱ्हाइकं ओल्या छत्र्या टेकवतात तिथे. त्याच मोठ्या नावाच्या, पण नावाखेरीज त्यांत काही नव्हतं. ब्रेक असे की दाबला तर सायकल विचार करायला वेळ मागेल. मी त्याला म्हटलं, ही जरा उलटी कर. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, आमच्याकडे कुठलाही कपडा आधी उलटा करतात, सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी असते. त्याने कपाळाला आठ्या घालत उलटी केली. पेडलच्या वरच्या सांध्यावर, रंगाखाली, वेल्डिंगची रेघ अशी वळवळत गेली होती की तो टाका माझ्या टेबलावर आला असता तर मी उसवून परत पाठवला असता. तसं मी म्हटलं. तो म्हणाला, “बाई, ही सायकल आहे, सदरा नव्हे.” मी म्हटलं, सदरा फाटला तर माणूस घरी जाऊन बदलतो.

मग तो म्हणाला, एक चक्कर तरी मारून या. प्रत्येक दुकानदाराला हा एक रोग आहे. बाहेर रस्त्यावर रहदारी, माझ्या चपला नव्या. मी तसं सांगणार, तेवढ्यात तुझे मेहुणे मध्ये पडले. हिला चक्कर कशाला, म्हणे, ही तर हात सोडून चालवायची. आणि हनुवटीची गोष्ट सुरू. माझा इतका जळफळाट झाला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दुकानात मी गुडघ्याचं कारण काढायच्या बेतात होते, तिथेही तेच, हिला चक्कर कशाला. तिसऱ्या दुकानात तर दुकानदाराने सायकल रस्त्यावर नेऊन उभी केली, सीट रुमालाने पुसली, आणि मी तोंड उघडायच्या आत हे म्हणतात, ऊन फार आहे, राहू द्या. बायकोच्या बाजूने बोलायची यांना पंचवीस वर्षांत हौस नव्हती, ती नेमकी माझं वाक्य तोंडातून काढून घ्यायला आली.

तीन दुकानं झाल्यावर मी ठरवलं की नाव बघायचं नाही. दादा, लेबलांबद्दल मला कुणी शिकवायचं कारण नाही. बावीस वर्षं मी तपासणीच्या टेबलावर आहे. आमच्याकडे एकाच ठाणातून, एकाच दोऱ्याने, त्याच त्या बायकांच्या हातून दोनशे सदरे होतात. शंभरांना एक लेबल लागतं आणि शंभरांना दुसरं. लेबल सगळ्यात शेवटी लागतं, इस्त्रीच्याही नंतर. पहिले शंभर काचेच्या दुकानात जातात आणि दुसरे शंभर फुटपाथवर, आणि घेणारे दोघेही एकमेकांकडे दयेने बघतात. तेव्हा नावाला भुलणारी मी नव्हे. मला सांधे बघायचे होते.

ते सापडले आमच्याच कारखान्याच्या आवारात. आमचे मशीनमिस्त्री (शिलाई मशीन बिघडली की नुसतं शेजारी उभं राहून ती दुरुस्त करणारे) रोज सायकलने येतात. नऊ वर्षं तीच सायकल, वरचं नाव पार पुसलेलं. जेवणाच्या सुट्टीत मी ती उलटी केली. प्रत्येक सांध्यावर टाके मोजून घातल्यासारखे, एकही सुटलेला नाही. मी त्यांना विचारलं ही कुठली, तर त्यांनी खिशातून डायरी काढून एक नंबर दिला. नाव ऐकलं, तर कधीच न ऐकलेलं. म्हणजे बरोबर वाटेवर होते.

त्या कंपनीचं वर्णन काय करू? एक शेड, चार माणसं, आणि फोन उचलणारी मालकाची आई. मी फोन केला तर त्या म्हणाल्या, तो सांधा जोडतोय, हात रिकामा झाला की करेल. तोवर तुम्ही मला सांगा, सायकल कशाला हवी आहे? आवाज इतका निवांत होता की मी त्यांना सगळं सांगून टाकलं. (सगळं म्हणजे सगळं. तुला अजून एवढं सांगितलेलं नाही.) त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, मग ब्रेक मऊ लावायला सांगते त्याला. नंतर मुलाचा फोन आला. मोठ्या नावाच्या सायकलीला दाराशी जे मिळत होतं त्याच किमतीत हा माणूस चांगले गिअर, चांगले ब्रेक आणि पंक्चर सहसा न होणारे टायर देत होता, आणि वर सांगत होता की न आवडल्यास परत घेऊ. मी विचारलं, एवढं परवडतं कसं? तो म्हणाला, जाहिरात नाही, दुकान नाही, आई पगार घेत नाही. त्या क्षणी मी सायकल घेतली.

घरी सांगितलं, आणि तेव्हापासून मला एका वाक्याने छळलं. “हे नाव कधी ऐकलं नाही.” तुझी भाची म्हणाली. दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि असं म्हणताना त्यांनी किडलेली दाढ बघावी तसं माझ्याकडे पाहिलं. समोरच्या घरातल्या निवृत्त मास्तरांनी तर दोनदा म्हटलं, एकदा जाताना, एकदा येताना. मी त्यांना विचारलं, मास्तर, तुमचं नाव या गल्लीपलीकडे कुणी ऐकलं आहे? तेव्हापासून ते पलीकडच्या फुटपाथवरून जातात. तुझ्या मेहुण्यांनी फक्त विचारलं, ब्रेक कसे आहेत? मी म्हटलं, मऊ. ते म्हणाले, छान. एवढा शहाणपणा या माणसाने दाखवला की माझा संशय बळावायला हवा होता. पण मी तेव्हा मापांत होते.

आता मापांचं ऐक, आणि हे वाचताना जवळ वहिनी असेल तर तिला मोठ्याने वाचून दाखवू नकोस. कंपनीने एक कागद पाठवला. उंची लिहा, पायाची आतल्या बाजूने लांबी लिहा, हाताची लिहा. सायकल चार आकारांत येते, मापांवरून ते ठरवणार. एरवी दुकानात बसून बघितली की कळतं, पण ते दुकानांचं प्रकरण तुला सांगितलंच. मी दार लावून टेप घेतली आणि स्वतःची मापं घेतली. बावीस वर्षं दुसऱ्यांची तपासली, स्वतःची पहिल्यांदाच. पाय आतून सत्तावीस इंच. मग हात सवयीने चालत गेला. शिवणीत दाबायला दोन इंच माया. खाली दुमडायला दीड इंच. आणि कापड नवं असलं की पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून एक इंच वर. झाले साडेएकतीस. तेच हाताचं. उंची चपलेसकट, कारण विजारीची उंची चपलेसकटच धरतात. सुवाच्य अक्षरात लिहून, खाली सही करून पाठवून दिलं. ती सायकल अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि अ‍ॅल्युमिनियम धुतल्यावर आटत नाही, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बरं, सावध करणारा होता. कंपनीच्या माणसाने फोन केला. बिचारा चाचरत म्हणाला, ताई, मापं एकदा परत बघाल का? तुमची उंची आणि तुमचे पाय जुळत नाहीत. या हिशेबाने पाय जवळजवळ बरगड्यांपर्यंत येतात, वरच्या भागाला जागाच उरत नाही. इथे शहाण्या बाईने टेप परत काढली असती. मी काय केलं असेल? मी चिडले. मापं मला शिकवू नका, म्हटलं, बावीस वर्षं मी हेच करते, आणि आमच्या घराण्यात पाय लांबच आहेत, माझ्या दादाला बघा. (तुझे सहा फूट मी असे कामाला लावले.) आणि दादा, लाज वाटते पण लिहिते, लांब पाय म्हटल्यावर मला मनातून बरं वाटलं होतं. कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्याने सुस्कारा टाकला आणि मोठ्यातली मोठी पाठवली.

गेल्या महिन्याच्या वीस तारखेला खोकं आलं. ते दारातून आत येईना, म्हणून दाराची एक झडप काढली. ती परत बसेना, म्हणून सुतार आणला. तो दार सोडून सायकलच बघत बसला (आणि म्हणाला, हे नाव कधी ऐकलं नाही). तीन दिवस बैठकीच्या खोलीत ती जोडणं चाललं होतं. तुझे मेहुणे बारीक स्क्रू बसवण्यात पटाईत, पण ते चष्म्याचे स्क्रू. प्रत्येक स्क्रू भिंगातून बघून, फुंकर मारून, फडक्याने पुसून बसवत होते. अखेर ती उभी राहिली. अप्रतिम सायकल, दादा, खोटं नाही सांगत. निळा रंग, सांधे असे की उलटी करून शेजाऱ्यांना दाखवावेत. फक्त तिची सीट माझ्या छातीला लागत होती. तुझे मेहुणे चष्मा काढून पुसायला लागले. ते हसू दाबताना असंच करतात. सीट खाली खाली आणली, पार बुडाला टेकवली, तरी माझी बोटं पेडलपर्यंत जाईनात. तुझी भाची म्हणाली, आई, स्टूल लाव ना. मी म्हटलं, तुला वाढवलं ते चुकलंच.

फोन केला. मालकाच्या आई म्हणाल्या, अहो, मला शंका होतीच, पण तो म्हणाला बाई ठाम आहेत. चाक रस्त्याला लागलेलं नसलं तर बदलून देतो, म्हणाल्या, आणि ते लागलेलं नव्हतंच. मुलगा महिन्यातून एकदा त्याची छोटी गाडी घेऊन या बाजूला येतो. दहा तारखेला येईल, मोठी घेऊन जाईल आणि सगळ्यात लहान देऊन जाईल. त्याने एक विनंती केली की या वेळी मापं माझ्या आईला फोनवर सांगा, आणि टेप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. ती तुझ्या भाचीच्या हातात दिली. सत्तावीस निघाले. तिने ते अकारण तीन वेळा मोठ्याने वाचलं.

तेव्हा आता सगळं सुरळीत आहे. चांगली सायकल, वाजवी किमतीत, कुणी न ऐकलेल्या नावाची, माझ्या मापाची, दहाला दारात. नवशिक्या कुणाला घ्यायची असेल तर माझा सल्ला सांग की नाव झाकून उलटी करून बघा, आणि माया सोडू नका. पत्र संपवते. तुम्ही दोघांनी तब्येतीला जपा. वहिनीला नमस्कार. बरेच दिवसांत तू इकडे फिरकला नाहीस, खोलीला नवा रंग दिला आहे, बारा तारखेच्या सुमारास चार-आठ दिवस येऊन राहिलास तर बरं वाटेल. आग्रह नाही.

तुझी धाकटी,
टाचणी

ता. क. – येताना जुनी विजार आण, गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी. आणि नाडीचे बूट. चपला नकोत.

ता. क. दुसरा – आमच्या कारखान्याच्या मागे माल उतरवायचा एक लांब रस्ता आहे. दुपारी चारला पाळी सुटली की तिथे चिटपाखरू नसतं. सपाट आहे. दोन्ही बाजूंना कापडाच्या गासड्या रचलेल्या असतात, म्हणजे पडलं तर फारसं लागत नाही.

ता. क. तिसरा – आता लपवण्यात अर्थ नाही. तुला कळलंच असेल. दादा, मला अजून सायकल येत नाही. येणार कशी? नवव्या वर्षी तू मागून सीट धरून पळत होतास, ‘धरलंय, धरलंय’ ओरडत होतास, आणि मी मागे बघितलं तर तू लांब खांबाजवळ उभा, हात खिशात. मग धोब्याच्या ओल्या चादरी, मग त्यांच्या मागची भिंत, मग हनुवटीला चार टाके. त्यानंतर मी सायकलवर बसायला गेले ते थेट या निळ्या सायकलीवर, आणि तीही मापात नव्हती. तलावावर त्यांनी खूण विचारली तेव्हा खरं सांगायची लाज वाटली, म्हणून हात सोडून चालवत होते असं म्हटलं. पुढे सांगायचं राहून गेलं, आणि पंचवीस वर्षं म्हणजे काही थोडा उशीर नव्हे. दोन महिने मी दुकानदारांशी, डॉक्टरांशी, मास्तरांशी गिअरवरून भांडले आणि मला नुसतं सीटवर बसून तोल सांभाळता येत नाही. बारापासून पंचविसापर्यंत तेरा दिवस. बारालाच ये. यांना यातलं काही कळता कामा नये, कळलं तर मी या घरात तोंड दाखवणार नाही.

ता. क. चौथा – पाकीट शोधायला यांचा खण उघडला. भिंगं पुसायच्या फडक्यांखाली तुझं पत्र सापडलं. तुझं अक्षर मी कुठेही ओळखीन, ‘ळ’ला तू अजून शेपूट काढतोस. वाचलं. वाचायला नको होतं, पण मी तपासनीस आहे. ‘मेहुणे, तुमचं पत्र मिळालं. बारा तारखेला सकाळी पोचतो. गुडघा ठीक आहे. लग्नाआधी मी तुम्हाला सांगितलं ते तुम्ही इतकी वर्षं पोटात ठेवलंत, आणखी पंचवीस तारखेपर्यंत ठेवा. तिला कळता कामा नये.’

म्हणजे तुम्ही दोघं. पंचवीस वर्षं. आणि मी तिन्ही दुकानांत माझं वाक्य तोंडातून काढून घेतलं म्हणून या माणसावर जळफळत होते. ‘हिला चक्कर कशाला’, ‘ऊन फार आहे’, ‘ब्रेक कसे आहेत’. खणापाशीच खाली बसले. मग रडले. मग राग आला. मग दोन्ही एकदम झालं, ते सोयीचं नव्हतं. तुझं पत्र होतं तसं घडी घालून फडक्यांखाली ठेवलं आहे. मी काही पाहिलेलं नाही. तू बाराला ये, मी दारात म्हणेन, अगंबाई, दादा, अचानक कसा? तू म्हण, सहज. ते वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबतील. आपण तिघंही उत्तम अभिनय करू. हे पत्र वाचून फाडून टाक. आणि सीट कधीतरी सोडावी लागेलच, एवढं मलाही कळतं. फक्त या वेळी सांगून सोड.